दसऱ्याला बोललेला भाव

नव्या तांदळाचा वास दुकानातल्या चकचकीत पिशवीला येत नाही. तो पोत्यालाच येतो, आणि तेही पोतं डोंगराकडून जीपच्या टपावर बसून आलेलं असलं तर. परवा मंचरच्या बाजारात मेथीची जुडी घेऊन निघाले होते, तर कडेला बसलेल्या एका बाईच्या पोत्यातून तो वास आला आणि पाय थांबले. थोडा दुधाचा, थोडा वाळल्या गवताचा, थोडा तागाचा. कार्तिक लागल्याचं मला कॅलेंडर सांगत नाही, हा वास सांगतो. मी वाकून चार दाणे तोंडात टाकले, दाताखाली कुरकुरवले आणि विचारलं, "कसा दिला?"

आमचे हे मागे पिशवी धरून उभे होते. घ्यायचा नाही, शिजवायचा नाही, नुसता भाव विचारायचा, हे माझं खूळ त्यांना लग्नापासून ठाऊक आहे. एका लग्नात मी पंगतीतून उठून आचाऱ्याला तांदळाचा भाव विचारून आले होते, ते अजून चारचौघांत सांगतात. सांगू देत. मी एकेकाळी भाव विचारण्याचा पगार घेतलेला आहे.

कॉलेज संपवून जुन्नरला घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. एका संस्थेला बाजारात फिरून धान्याचे भाव कळवणारी माणसं हवी होती. गरिबांच्या पोटात जे रोज जातं, तांदूळ, बाजरी, ज्वारी, गहू, तूरडाळ, त्याचा भाव दर आठवड्याला मोबाईलमधल्या ॲपमध्ये भरायचा. अशी माणसं कितीतरी देशांत होती म्हणे. आमची बाजरी आणि आफ्रिकेतल्या कुठल्याशा गावाचा मका एकाच पडद्यावर शेजारीशेजारी दिसायचे. कुठे भाव एकदम चढला की तिथल्या चुलींवर अडचण आली असं समजायचं आणि मदतीचा विचार सुरू व्हायचा, असं पुण्यातले सर आम्हाला समजावून सांगत. मला ते ऐकून फार भारी वाटलं होतं. घोडेगावच्या बाजारात चपलेत चिखल घेऊन उभी असताना आपण जगाची नाडी बघतोय असं वाटायचं.

जगाची नाडी हातात यायला मात्र आधी भवानी व्हावी लागायची. सकाळी पहिली विक्री झाल्याशिवाय रिकाम्या गिऱ्हाइकाला भाव सांगायचा नाही, हा आमच्याकडच्या बायकांचा नेम. मी मोबाईल उघडून विचारायची आणि समोरची बाई माझ्या पलीकडे बघत म्हणायची, "घ्यायचं आसंल तर सांगते." मग मी घ्यायची. पदरचे पैसे घालून मूठमूठ. इथे इंद्रायणी, तिथे रायभोग, पलीकडे जाडाभरडा, कुठे जुना, कुठे परवाच गिरणीतून काढलेला. दुपारपर्यंत माझ्या पर्समध्ये इतक्या पुरचुंड्या व्हायच्या की कंगवा सापडायचा नाही. संध्याकाळी आई त्या सगळ्या एकाच पातेल्यात ओतायची. नवा तांदूळ गिचका व्हायचा, जुना टणक राहायचा, आणि त्या दोघांच्या मध्ये रायभोगाचा वास अडकून बसायचा. आई त्याला बाजारभात म्हणायची. आईच्या खानावळीत जेवणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी एकदा तो खाल्ला आणि दुसऱ्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी सगळ्यांनाच गावाला जायचं आठवलं.

आता त्या भातासाठी जीव तुटतो. पण तसा भात मुद्दाम करता येत नाही. मी करून बघितला आहे. किराणा दुकानातले चार प्रकार आणून एकत्र शिजवले तर चारही एकसारखेच लागले.

त्या वर्षीच्या थंडीची आठवण अशी तुकड्यातुकड्यांनी येते. खोडदला माझी आत्या होती. तिकडे बाजरीचे भाव घ्यायला गेले की ती आधी जेवायला बसवायची. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या, आणि त्यांच्या अलीकडे आत्या अंगणात बाजरी पाखडतेय, कोंडा उडून तिच्या भुवयांवर बसलाय. ओतूरच्या बाजारात कांद्याच्या वखारीपाशी ऊन खात बसलेले म्हातारे. घोडेगावला भीमाशंकरच्या बाजूने आलेल्या बायकांच्या टोपल्यांतली नाचणी, हात घातला की बोटांमधून मोहरीसारखी निसटणारी. आणि दर आठवड्याला शेवटी जुन्नर. तिथे चिंचेखाली हौसाबाई बसलेली असायची.

हौसाबाई मढच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. आमच्या खानावळीला तांदूळ तिचाच. मी शाळेत जायला लागायच्या आधीपासून. माझे वडील लवकर गेले, आईने कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ काढली, आणि पहिल्या बाजारी जिच्याकडून तांदूळ घेतला ती हौसाबाई. ती आईला आक्का म्हणायची, आई तिला नुसती हौसा. दोघींची मैत्री होती का, सांगता येत नाही. एकमेकींच्या घरच्या लग्नाला जाऊन आल्या होत्या, पण बाजारात भेटल्यावर पहिलं वाक्य तांदळाचंच असायचं.

तिच्याकडे एक रीत होती. दसऱ्याला आम्ही विहारातून घरी यायचो तोवर ती ओट्यावर येऊन बसलेली असायची, हातात हिरव्या-पिवळ्या लोंब्यांची जुडी. ती जुडी आईच्या हातात द्यायची, पाणी प्यायची आणि त्या वर्षीचा भाव बोलायची. भात अजून शेतात उभं असायचं. कापणी नाही, झोडणी नाही, पण भाव ठरलेला. तो एकदा बोलला की शिमग्यापर्यंत हलायचा नाही. बाजारात व्यापाऱ्यांचे आकडे वरखाली होवोत, हौसाबाईचा भाव म्हणजे हौसाबाईचा भाव. अशी तिची नेहमीची दहाबारा घरं होती, आणि प्रत्येक घरी ती दसऱ्याला एक जुडी देऊन यायची.

तिचं माप पायलीचं, पत्र्याचं, काठाला पोचे आलेलं. तांदूळ त्यात ओतून ती वर रास चढवायची, दाणे घरंगळायला लागेपर्यंत. त्या राशीला शीग म्हणतात. पहिलं माप ओतताना "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, मग दोन, तीन. सगळी मापं झाली की आई पिशवीचं तोंड पुन्हा उघडून धरायची आणि म्हणायची, "वर घाल." मग हौसाबाई तोंड वाकडं करून एक पसा वर टाकायची. ते तोंड वाकडं करणंही रीतीतलंच. पसा मागितला नाही तर गिऱ्हाईक नाराज आहे असं समजायचं, आणि कुरकुर न करता दिला तर विकणारीला गरज पडलीय असं.

ॲपला यातलं काही कळत नव्हतं. त्याला किलोचा भाव हवा असायचा. पायलीचे किलो किती धरायचे ते ऑफिसने एकदाच ठरवून दिलं होतं. मी हौसाबाईचा भाव टाकायची आणि मोबाईल आपला आपण भागाकार करायचा.

त्या वर्षी दसरा झाला, जुडी आली, भाव बोलून झाला. लोंब्या भरलेल्या होत्या, हौसाबाई खुशीत होती, आणि नेहमीपेक्षा भाव थोडा कमीच बोलली. त्यानंतर परतीचा पाऊस आला तो दिवाळी धुऊन गेला. मढकडचं भात खाचरात आडवं झालं. पाण्यात पडलेल्या लोंब्यांना मोड फुटले. काही घरांनी कापलेलं भात घरात आणून चुलीच्या धगीवर वाळवलं, त्या तांदळाला धुराचा वास राहिला.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजारी हौसाबाई आली तेव्हा तिच्यासमोर एकच पोतं होतं. एरवी तीन-चार असायची. हौसाबाईनेच आपणहून सांगितलं, की हे विकायचं नव्हतंच, घरातल्या कणगीतलं आहे. मग आणलंस कशाला, असं आई म्हणाली. त्यावर तिने चिंचेच्या पलीकडे मानेने खूण केली. तिथे एका व्यापाऱ्याने नवा टेम्पो लावला होता, बाहेरून आणलेल्या तांदळाचा. एक हंगाम ती बसली नाही तर चिंचेखालची जागा त्याची आणि दहाबारा घरंही त्याची. एकदा गिऱ्हाइकाचा पाय दुसरीकडे वळला की पुढच्या वर्षी कुणासाठी पिकवायचं, हा तिचा प्रश्न होता.

म्हणजे अडचण अशी होती, की तिने विकलं तर घरची माणसं पावसाळ्याआधीच उपाशी, आणि नाही विकलं तर कायमची बाजारातून बाहेर. आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतो आम्ही. आईने घेतलं तर तिच्या नातवंडांच्या ताटातला भात आमच्या खानावळीत येणार. नाही घेतलं तर हौसाबाईची जागा पहिल्यांदा आम्हीच मोडणार. आई हे मला शब्दांत कधी बोलली नाही. पण त्या संध्याकाळी ती तांदूळ निवडत फार वेळ बसली होती, आणि त्या तांदळात खडा एकही नव्हता.

मी मात्र समाधानात होते. भाव मागच्याइतकाच. टेम्पोवाल्याचा थोडा चढलेला, पण हौसाबाईचा आणि तिच्यासारख्या चिंचेखालच्या इतर बायकांचा जिथल्या तिथे. त्या सगळ्याच जणी दसऱ्याला भाव बोलून बसलेल्या. फोनवर सर म्हणाले, छान, तुमच्या पश्चिमेकडे, मढच्या डोंगरपट्ट्यात, काही काळजी दिसत नाही.

पुढच्या दोन-तीन बाजारांत शीग उतरू लागली. आधी माझ्या लक्षात आलं नाही. रास चढायची, पण दाणे घरंगळायच्या आधीच हात थांबायचा. मग रास चढेनाशी झाली. हौसाबाई माप भरताना मापाकडे न बघता रस्त्याकडे बघू लागली, जणू जीप येतेय का ते बघतेय. मला राग आला, खरंच आला. इतक्या वर्षांची बाई आणि आमच्याच मापात हात आखडते. घरी आल्यावर मी आईला सांगितलं, की तुझी हौसा माप कमी घालायला लागलीय.

आई पातेल्यावरचं झाकण काढत होती. म्हणाली, "मला पातेल्यात दिसतं गं. तू बोलू नगंस तिला."

तेव्हा मला आठवलं, की गेल्या दोन बाजारांत आईने पिशवीचं तोंड पुन्हा उघडून धरलं नव्हतं. "वर घाल" म्हणाली नव्हती. दोघी बायका एकमेकींना काही न सांगता, आपापल्या बाजूने, मूठमूठ तांदूळ वाचवत होत्या. माझा राग कुठे गेला कळलंच नाही, त्या जागी लाज आली आणि त्या लाजेच्या मागोमाग दोघींबद्दल इतकी माया, की मी उगाचच उठून पोरांची ताटं मांडायला घेतली.

हल्ली महागाईच्या बातम्या टीव्हीवर बघते तेव्हा हे सगळं आठवतं. पडद्यावर रेघ वर जाते, खाली येते. आमच्या इथल्या किराणा दुकानातली बिस्किटांची पुडी आहे त्याच किमतीला मिळते, आतली बिस्किटं तेवढी पातळ झालीत. ती पातळ करणारा कोण, ते मला ठाऊक नाही, आणि त्याला मी ठाऊक नाही. हौसाबाईला मात्र रस्त्याकडे बघावं लागत होतं. ते तिचं बघणं मला फार महागाचं वाटतं.

मार्गशीर्षातल्या एका बाजारी आई माझ्याबरोबर लवकर आली. हौसाबाईची भवानी आम्हीच करणार होतो. आई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली की टेम्पोवाल्याचा भाव चढलाय, तूही चढव. हौसाबाई म्हणाली, दसऱ्याला बोललेय तेच. आईने एक आकडा सांगितला. हौसाबाईने मान हलवली. आईने त्याहून मोठा सांगितला. हौसाबाई म्हणाली, घेणार असशील तर जुन्या भावाने घे, नाही तर राहू दे. घेणारी वर चढतेय, विकणारी खाली ओढतेय, अशी घासाघीस मी त्याआधी कधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. शेजारच्या नाचणीवाल्या बाया आपलं विकायचं सोडून बघायला लागल्या. मी मोबाईल हातात घेऊन उभी होते आणि कुठला आकडा टाकावा ते मला कळेना.

शेवटी आई चिडली. पावसाने तुझं वाटोळं केलं हे साऱ्या बाजाराला ठाऊक आहे, मग एवढा कसला ताठा, असं ती बोलून गेली. हौसाबाईचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच राहिला.

"आक्का, दहा घरी जाऊन बोलले मी. पाऊस पडला म्हनून शब्द फिरवला तर फुडल्या दसऱ्याला कुनाच्या वट्यावर जाऊ? तांदूळ काय, परत पिकंल."

आईने हात पुढे करून पायलीचं माप उचललं. हौसाबाईला वाटलं की आई रागावून निघालीय, ती अर्धी उठली. आईने माप पोत्यात खुपसलं, भरलं, आणि वर आलेल्या राशीवरून सरळ तळहात फिरवला. शीग सगळी पोत्यात परत पडली. "लाभ," असं म्हणून आईने ते सपाट माप आमच्या पिशवीत ओतलं. दुसरं भरलं, पुन्हा तळहात फिरवला. काठाच्याही बोटभर खाली.

हौसाबाईने तिचं मनगट धरलं. "आसं नगं करू. शीग ऱ्हाऊ दे वाईच. लोकं म्हनतील हौसाचं माप बसलं."

"तुजं कुठं हाय? हात माझा हाय," आई म्हणाली. "लोकं म्हनतील खानावळवालीला माप घालता येत न्हाई. म्हनू दे."

हौसाबाईने मनगट सोडलं. मग तिने पुढे सरकून आमच्या पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. आई मापं ओतत राहिली. त्या दिवशी हौसाबाईने एकदाही रस्त्याकडे बघितलं नाही. ती आईच्या हाताकडे बघत होती, आणि तिसऱ्या-चौथ्या मापाला हसू फुटून म्हणाली, की आक्का, तू बाजारात विकायला बसलीस तर लई पैसा करशील.

आमच्यामागून तिच्या नेहमीच्या घरातली एक मास्तरीणबाई आली. तिने सगळं बघितलं होतं. तिनेही माप स्वतःच उचललं. मग आणखी एकीने. त्या आठवड्यापासून शिमग्यापर्यंत चिंचेखाली विकणाऱ्या बायका पिशव्यांची तोंडं धरून बसायच्या आणि गिऱ्हाइकं आपल्या हाताने मापं घालायची, हलक्या हाताची, सपाट. खानावळीत आईने भाताच्या जोडीला भाकरी सुरू केली आणि पोरांना सांगितलं की थंडीत बाजरी चांगली असते. पोरं कुरकुरली आणि खात राहिली. टेम्पोवाला संक्रांतीनंतर कधीतरी दुसऱ्या बाजाराला गेला. हौसाबाईच्या कणगीत श्रावणापर्यंत तांदूळ पुरला, तिने स्वतःच आईला सांगितलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी मी ॲप उघडलं तेव्हा भाव तोच होता, दसऱ्याचा. तो टाकला. खाली शेरा लिहायला थोडी जागा असायची, ती मी कधी वापरली नव्हती. बराच विचार करून मी तिथे लिहिलं, की जुन्नर बाजारात पश्चिमेकडच्या तांदळाची शीग गेलेली आहे, पीक बुडालं आहे, भाव शब्दावर उभा आहे, माप गिऱ्हाइकाने कमी घातलं. आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. माणूस चांगला होता, उगाच हसणारा नव्हता. पश्चिमेकडच्या वाड्यांचं पुन्हा बघायला हवं, असं ते म्हणाले, आणि पुढच्या वेळेपासून पायलीचं वजनही कळवा म्हणाले. मग त्यांनी माझा शेरा हळूहळू वाचून दाखवला आणि शेवटच्या ओळीवर थांबले. इथे लिहिताना चूक झालेली दिसते, ते म्हणाले. माप विकणाऱ्याने कमी घातलं, असं हवं ना? मी दुरुस्त करून टाकतो.

आई पलीकडे पोरांना वाढत होती. मी फोन कानाशी घट्ट धरला आणि म्हणाले, "नाही सर. गिऱ्हाइकानेच."